सरांच्या पंचाहत्तरीचं मनोगत

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून:

पत्रलेखक ४४ वर्षांचे आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी एका पतसंस्थेत अधिकारी. घरी पत्नी, आई आणि ९ वर्षांचा मुलगा. सातवीत असताना गावातले एक नावाजलेले शिक्षक स्कॉलरशिपच्या मुलांची जादा तयारी करून घेत. निवडक चार-पाच मुलं रात्री सरांच्याच घरी झोपायची आणि पहाटे ४.३० ला उठून गणितं सोडवायची. त्या वर्षात सरांनी त्यांच्यावर अनेकदा लैंगिक अत्याचार केले. आजवर त्यांनी हे कुणालाही सांगितलेलं नाही. परीक्षेत ते गुणवत्ता यादीत आले, गावात मिरवणूक निघाली आणि वडिलांनी सगळ्यांसमोर सरांच्या पायावर डोकं ठेवायला लावलं.

दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरला. स्मरणिका निघणार आहे आणि 'सरांचा सगळ्यात लाडका तूच' म्हणून मनोगत यांच्याकडे मागितलंय. सर अजूनही घरी दोन-चार मुलांना शिकवतात, हेही तिथेच कळलं. त्याच आठवड्यात मुलाच्या शाळेतून पाचवीच्या स्कॉलरशिपच्या जादा तासांची संमतीची चिठ्ठी आली. तिच्यावर सही करायला त्यांचा हात उचलेना. तेव्हापासून पहाटे चारला जाग येते, छाती धडधडते, रॉकेलच्या स्टोव्हचा वास येतो. घरात स्टोव्ह नाही. मुलगा अंगाला बिलगला की ते उठून गच्चीत जातात, कारण 'ज्याच्यावर असं झालं तो पुढे तेच करतो' असं त्यांनी कुठंतरी वाचलंय. मुलानं परवा विचारलं, "बाबा, तुम्ही मला जवळ का घेत नाही?"

त्यांचे प्रश्न असे: माझ्या मुलाला माझ्यापासून धोका आहे का? त्या काळात मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सरांकडे का जात राहिलो? माझ्या शरीरानंही तेव्हा मला दगा दिला, मग दोष त्यांचा एकट्याचा कसा? आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळेच, मग मनोगत नाकारणं कृतघ्नपणा ठरणार नाही का? बायकोला सांगू का? आणि हे सगळं विसरून मी पूर्वीसारखा कधी होईन?

---

प्रिय वाचकमित्र,

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "इतक्या वर्षांनी हे उकरून काढतोय, क्षमस्व." तुम्ही काहीच उकरलेलं नाही. ग्रुपवर हार घातलेल्या सरांचा फोटो आला आणि त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला तुम्हालाच सांगितलं गेलं. दुसऱ्या कुणाचीही झोप उडाली असती.

तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास आहे. हे मी आधी सांगतेय, कारण ३२ वर्षांत हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलेलं नाही.

पत्रात तुम्ही पाच ठिकाणी 'तो प्रकार' असं लिहिलंय आणि एका ठिकाणी 'आमच्यातला प्रकार'. त्या शब्दावर मी थांबले. १२ वर्षांचा मुलगा आणि चाळिशी ओलांडलेला मास्तर यांच्यात 'आमच्यातलं' असं काय असणार? ते सरांनी तुमच्यावर केलेलं होतं. मनातल्या मनात बोलतानाही जमेल तेव्हा असंच म्हणून बघा: 'सरांनी माझ्यावर अत्याचार केला.' सुरुवातीला घशात आवंढा येईल. येऊ द्या.

आता मुलाचं, कारण पत्र वाचताना माझा जीव तिथेच अडकला होता.

'ज्याच्यावर अत्याचार झाला तो पुढे अत्याचारी होतो' हे वाक्य तुम्ही वाचलंत आणि त्या दिवसापासून पोराला जवळ घेणं सोडलंत. ही समजूत कुठून आली ते बघू. तुरुंगात असलेल्या गुन्हेगारांना लहानपणाबद्दल विचारलं की त्यांतले बरेच जण आपल्यावरही अत्याचार झाल्याचं सांगतात. त्यावरून लोकांनी उलटा हिशेब मांडला. पण खरं काय ते कळायला दुसऱ्या टोकापासून चालत यावं लागतं: लहानपणी अत्याचार सोसलेली मुलं घ्यायची आणि मोठेपणी ती काय करतात ते बघायचं. अमेरिकेत कॅथी स्पॅट्झ विडम या संशोधक बाईंनी नेमकं तेच केलं. १९६७ ते १९७१ या काळात ज्यांच्या अत्याचाराची किंवा आबाळीची नोंद न्यायालयात झाली होती अशी ९०८ मुलं त्यांनी घेतली, त्याच वयाची, तशाच घरांतली दुसरी मुलं तुलनेला घेतली आणि पुढे कित्येक वर्षं त्यांचा माग ठेवला. २०१५ मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यात, लहानपणी लैंगिक अत्याचार भोगलेली मुलं पुढे लैंगिक गुन्ह्यांकडे जास्त वळतात असं ठामपणे म्हणण्याजोगं काही निघालं नाही.

तुम्ही पतसंस्थेतले आहात म्हणून असं सांगते. कर्ज बुडवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी कधीतरी गाडीसाठी कर्ज काढलेलं असतं, म्हणून गाडीसाठी कर्ज काढणारा प्रत्येक जण बुडवणारा ठरतो का?

आणखी एक गोष्ट नीट ओळखून ठेवा. मुलाबद्दल तुम्हाला भीती वाटते. ओढ वाटते असं तुम्ही कुठंही लिहिलेलं नाही. 'माझ्या हातून काही होईल का' या धास्तीनं जो माणूस पोराच्या अंथरुणाजवळूनही जात नाही, त्याचं मन राखण करतंय, नको इतकी. या भीतीवर उपचार आहेत आणि ती जाते. (हे वाचणाऱ्या कुणाला भीतीच्या जागी खरंच लहान मुलांबद्दल ओढ जाणवत असेल, तर त्यांनी आजच मनोविकारतज्ज्ञांना गाठावं. हातून काही घडण्याआधी मदत मागता येते आणि ती मिळते.)

'मी पुन्हा का जात राहिलो?' हा प्रश्न ४४ वर्षांचा अधिकारी विचारतोय. उत्तर मात्र १२ वर्षांच्या मुलाच्या जागी बसून शोधावं लागेल. त्याच्यासमोर काय होतं? सर म्हणजे गावातला सगळ्यात शिकलेला माणूस. ग्रामपंचायतीच्या झेंडावंदनाला पहिली खुर्ची त्यांची. तुमच्या आईनं घरचं तूप बरणीत भरून दर शनिवारी तुमच्याच हाती त्यांच्याकडे पाठवलं, हे तुम्हीच लिहिलंय. रोज सकाळी प्रार्थनेत 'गुरुः साक्षात् परब्रह्म' म्हणायचं, आणि रात्री त्याच गुरूच्या घरी मुक्काम. अशा मुलानं जायचं नाही म्हणजे कुणाला काय सांगून जायचं नाही? जे झालं त्याला त्याच्याजवळ शब्दसुद्धा नव्हता. गाय, नदी, दिवाळी यांवर त्याला निबंध लिहिता येत होते. या गोष्टीचं नावच त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

असे लोक एकट्या मुलाला फशी पाडत नाहीत, ते आधी त्याचं अख्खं घर जिंकतात. वडिलांशी पानसुपारी, आईला 'वहिनी, पोरगं हुशार आहे हो', मुलाला नवं कंपास, बाकीच्यांपेक्षा वेगळी वागणूक. मग मूल बोललं तर एका माणसाच्या विरोधात बोलत नाही, आपल्याच घरच्या आनंदाच्या विरोधात बोलतं. तुम्ही गप्प राहिलात ते या सगळ्याच्या भाराखाली. त्या वयात गप्प राहणं हीच तुमची तगून जायची युक्ती होती.

आणि प्रत्यक्ष त्या वेळी ओरडलो का नाही, ढकललं का नाही? धोक्यात माणूस लढतो किंवा पळतो, हे आपण शाळेत शिकतो. तिसरं कुणी सांगत नाही: माणूस थिजतो. अंग हलत नाही, आवाज फुटत नाही, जणू आपण छतावरून आपल्याकडे बघतोय असं वाटतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रिया त्या वेळी लक्षणीयरीत्या थिजलेल्या होत्या. त्या मोठ्या वयाच्या होत्या, मित्रा. तुम्ही सातवीत होतात.

शरीराच्या 'दग्या'बद्दल तुम्ही जी ओळ लिहिलीय ती लिहायला किती बळ लागलं असेल, याची मला कल्पना आहे. पुरुष माझ्याकडे पित्ताची, झोपेची, चिडचिडीची तक्रार घेऊन येतात आणि ही गोष्ट सगळ्यात शेवटी, दाराच्या कडीला हात लावल्यावर सांगतात. कितीएकांनी सांगितलीय. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं, त्याला रडणं म्हणत नाहीत. कुणी गुदगुल्या केल्या तर नको म्हणत असतानाही हसू फुटतं. स्पर्शाला शरीर जे उत्तर देतं ते नसांच्या पातळीवरचं असतं, त्याला मनाची परवानगी लागत नाही. त्यातून तुमची इच्छा होती असा अर्थ सरांनी काढला असेल, किंवा तुम्हाला तसं ऐकवलंही असेल. ती त्यांच्या सोयीची लबाडी होती. ३२ वर्षं तुम्ही ती खरी मानून बसलात, याचंच मला वाईट वाटतं.

'पुरुषांच्या बाबतीत असं होतं का, की मीच एक' असंही तुम्ही कंसात लिहिलंय. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये बाल अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून तो केला होता. कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणारी मुलं ५३.२२ टक्के होती आणि त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्त होते. तुमच्या बॅचच्या ग्रुपवर हा आकडा धरून नजर फिरवा. टाळ्यांचे इमोजी टाकणाऱ्यांत तुमच्यासारखा आणखी कुणी असू शकतो, आणि त्याच घरी झोपलेल्या चार-पाच मुलांतलाही असू शकतो.

आता मनोगत.

तुमचा हिशेब असा दिसतो: सरांनी शिकवलं, त्यामुळे मेरिट, त्यामुळे तालुक्याचं कॉलेज, त्यामुळे नोकरी; म्हणजे सगळं त्यांचं देणं आणि मी ऋणी. हा हिशेब मला मान्य नाही. तुम्हीच लिहिलंय की चौथीत असतानाच किराणा दुकानाची वही तुम्ही तोंडी तपासायचात आणि दुकानदार खाऊ द्यायचा. आजही पतसंस्थेत व्याजाची आकडेमोड मशीनच्या आधी तुमची होते. गणित तुमच्याकडे आधीपासून होतं, म्हणून तर सरांनी तुम्हाला निवडलं. परीक्षेच्या हॉलमध्ये गणिताचा आणि बुद्धिमत्तेचा पेपर तुम्ही एकट्यानं सोडवलात, तोही असलं वर्ष काढून. त्यांनी काही रीती शिकवल्या असतील, तर तो त्यांच्या पगाराचा भाग होता. शिकवल्याच्या बदल्यात मुलाच्या शरीरावर हक्क सांगणारा माणूस ऋण मागायला येऊ शकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या म्हणून मन गोंधळतं, आणि तुमच्या मनात आजही कुठंतरी त्यांच्याबद्दल माया असेल तर तिचीही लाज बाळगू नका. मुलं ज्यांच्यावर विसंबतात त्यांच्यावर माया करतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: मनोगत लिहू नका. त्यासाठी आजारपणाचं किंवा मार्चअखेरीचं कारण शोधत बसू नका, कारण दिलं की लोक त्यावर तोडगा काढतात ('दोनच ओळी दे, आम्ही फुलवतो'). संयोजकाला वेगळा मेसेज टाका: 'मला हे लिहिणं जमणार नाही. पुन्हा विचारू नये ही विनंती.' एवढंच. वर्गणीही द्यायची गरज नाही, सत्काराला जायची तर नाहीच. कुणी फोन केला तर तेच वाक्य पुन्हा म्हणा, त्याच शब्दांत. ग्रुप वर्षभरासाठी म्यूट करा. बाहेर पडलात तर चर्चा होईल आणि ती झेलायची ताकद आत्ता खर्च करू नका. 'वय झालंय त्यांचं, माफ करून टाका' असं उद्या कुणी म्हणालं, तर ऐकून सोडून द्या. माफी कुणी मागितलीय का तुमच्याकडे?

जे मनोगत छापता येणार नाही ते मात्र वहीत लिहावंसं वाटलं तर लिहा. फक्त पहाटे चारला नको आणि आधाराला कुणी येईपर्यंत एकट्यानं नको.

'पूर्वीसारखा कधी होईन' याला माझा उलट प्रश्न आहे: कोणत्या पूर्वीसारखा? दोन महिन्यांपूर्वीसारखा? तेव्हाही तुम्ही लग्नाच्या पंगतीत भिंतीला पाठ लावूनच बसत होतात आणि गुरुपौर्णिमेला मोबाइल बंद ठेवत होतात. तुम्ही लिहिलंय म्हणून मला कळलं. तिथे परत जायला मी तुम्हाला सांगणार नाही. विसरणं होणार नाही, आणि ते लागतही नाही. गुडघ्यावर लहानपणी पडल्याचा वण असतो, तो दिसतो, पण त्यावर हात ठेवला तरी दुखत नाही. आत्ता तुमची जखम उघडी आहे, म्हणून रॉकेलचा नुसता भास झाला तरी शरीराला वाटतं आपण पुन्हा त्या पडवीत आहोत. मुलगा त्या वयाकडे चाललाय, त्यात स्कॉलरशिपची चिठ्ठी आली, त्यात फोटो. अशा वेळी जुनं उसळून येणं फार नेहमीचं आहे.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये यातून बरं होण्याचा एक क्रम मांडला, तो मला आजही पटतो: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि जे गेलं त्याचा शोक, आणि मग माणसांमध्ये परतणं. आपल्याकडे लोक मधल्या पायरीवर उडी मारतात. 'एकदा सगळं बोलून टाक, मोकळा होशील.' झोप नाही, जेवण नाही, अशा अवस्थेत सगळं बोलून टाकलं की माणूस आणखी ढासळतो. आधी झोप.

पहाटे जाग आली की अंथरुणात पडून राहू नका. दिवा लावा, दोन्ही पाय फरशीवर टेकवा, फरशीचा गारवा तळव्यांना लागू द्या. भिंतीवरच्या कालनिर्णयाजवळ जाऊन आजची तारीख, वार, साल पुटपुटा. मग म्हणा, 'मी ४४ वर्षांचा आहे, हे माझं घर आहे, दाराला आतून कडी आहे.' कडीला हात लावून या हवं तर. आल्याचा तुकडा किंवा लवंग तोंडात धरा, म्हणजे नाकातला तो वास मागे हटतो. ऐकायला साधं वाटेल, पण घाबरलेल्या मेंदूला साल कोणतं आहे तेच कळत नसतं, आणि त्याला ते शरीरातूनच कळवावं लागतं. दारू यातलं काहीही करत नाही. तुम्ही 'कधीमधी' लिहिलंय, म्हणून एवढंच म्हणते.

पुढची पायरी एकट्यानं चढायची नसते. अशा आघातावर खास पद्धती आहेत. आघातावर बेतलेली सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा उपचार) आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये केली. झोप फारच मोडली असेल किंवा धडधड थांबत नसेल तर मनोविकारतज्ज्ञ सर्ट्रालीनसारखं चिंता-नैराश्यावरचं औषध काही महिने देऊ शकतात. त्याला घाबरू नका. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा: लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या पुरुषांबरोबर तुम्ही काम केलंय का, कोणती पद्धत वापरता, मी थांबा म्हटलं तर थांबाल का? ज्यांना हे प्रश्न आवडणार नाहीत त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही. पहिल्या भेटीत सगळे तपशील खोदून विचारणारा किंवा 'पुरुषासारखे पुरुष तुम्ही' म्हणणारा भेटला तर उठून या, दुसरा बघा. तुमच्या लहान शहरात ओळखीचं कुणी बघेल ही भीती तुम्हाला आहेच, तर फोनपासून सुरुवात करा. सरकारची टेली मानस ही मानसिक आधाराची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवाही फोनवरून समुपदेशन करते. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवायचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार करणाऱ्यांवर घातलेलं आहे. आणि कधी जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर भेटीची वेळ ठरेपर्यंत थांबू नका. त्याच क्षणी १४४१६ लावा आणि बायकोला उठवा.

बायकोला सांगावं असं मला वाटतं. आज-उद्याच असं नाही, पण सांगावं. तिच्या डोळ्यांसमोर नवरा दोन महिने रात्री गच्चीत जाऊन बसतोय. तिनं त्याचे काय काय अर्थ लावले असतील? दुसरी बाई, कर्ज, आजार. खरं कारण त्या सगळ्यांपेक्षा तिला सोपं जाईल. सगळं सांगायचं नाही, तपशील तर नाहीच. मुलगा शाळेत असताना, आई देवळात गेलेली असताना, समोरासमोर बसण्याऐवजी चालता चालता किंवा गाडीत शेजारी बसून. डोळ्यांत बघावं लागलं नाही की जीभ जरा सैल होते. असं काहीतरी: 'सातवीत असताना एका शिक्षकांनी माझ्यावर लैंगिक अत्याचार केले. मी कुणाला बोललो नाही. आत्ता त्याचा त्रास होतोय, म्हणून मी मुलाला जवळ घ्यायला घाबरतो. मी मदत घेणार आहे. आज मला एवढंच बोलता येईल.' ती पहिल्यांदा गप्प बसली किंवा 'मला आधी का नाही सांगितलं' म्हणाली, तर त्याला नकार समजू नका, तिलाही वेळ लागेल. आईचं आत्ता राहू द्या. त्या तुपाच्या बरणीचं ओझं त्यांच्या डोक्यावर या वयात ठेवायचं की नाही, हे पुढे कधीतरी शांतपणे ठरवता येईल, किंवा कधीच ठरवलं नाही तरी चालेल.

आता कठीण भाग. सर अजून मुलांना घरी शिकवतात. इथे मी तुमच्या गतीनं चला असं म्हणू शकत नाही, कारण आत्ता त्या घरात जाणारी मुलं आहेत.

तुमच्या स्वतःच्या तक्रारीबद्दल आधी. ती करायची की नाही हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे, आणि नाही केलीत तर तुम्ही भेकड ठरत नाही. मुलींबरोबर मुलग्यांनाही लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, त्याआधीच्या घटनांना तो लागत नाही. तुमच्या वेळचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या ३७७ कलमात बसू शकतो. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, त्यामुळे तक्रारीला मुदतीची अडचण नाही. अडचण आहे ती इतक्या वर्षांनी पुरावा उभा करण्याची. फौजदारी कामं करणाऱ्या वकिलाला एकदा भेटून, काहीही न ठरवता, फक्त ऐकून या. २०१२ नंतर लहानपणी ज्यांच्यावर असं झालं त्या वाचकांसाठी: केंद्र सरकारनं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की पॉक्सोखाली तक्रार मोठेपणीही करता येते.

आजच्या मुलांचं मात्र वेगळं आहे. असा गुन्हा घडण्याची शंका असेल तर ते कळवण्याची जबाबदारी पॉक्सोच्या कलम १९ नं प्रत्येकावर टाकलीय, आणि सद्हेतूनं कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई करता येत नाही. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे माहिती देता येते आणि आपलं नाव उघड करू नका अशी विनंती करता येते. तुमच्या हातून फोन होत नसेल तर समुपदेशकाला शेजारी बसवून करा, बायकोला सांगून झालं असेल तर तिला करायला सांगा. माझ्याकडेही पुन्हा लिहा, मी सोबत करेन. पण सत्काराची तारीख उलटून जाईपर्यंत थांबू नका.

आणि ती शाळेची चिठ्ठी. तिच्यावर सही न झाल्याबद्दल तुम्ही स्वतःला वेडं म्हणवून घेतलंय. ती चिठ्ठी बघून तुमचा हात थांबला, तो बरोबर थांबला. शाळेत जाऊन विचारा: जादा तास कुठे, किती वाजता, किती मुलं, दार उघडं असतं का, कुणी मुलांना घरी बोलावतं का? असं विचारणारा बाप शाळेला आगाऊ वाटला तर वाटू द्या. मुलाशीही बोला, दोन मिनिटांत, सहज, चप्पल घालता घालता: तुझ्या अंगाला कुणी हात लावलेला तुला आवडला नाही, कुणी गुपित ठेवायला सांगितलं, तर ते कितीही मोठे, कितीही चांगले असोत, मला किंवा आईला सांगायचं, आम्ही रागावणार नाही. तुम्हाला हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

राहिलं त्याला जवळ घेणं. एकदम मिठी मारायला जाऊ नका, तुमचंच अंग आखडेल आणि ते त्याला कळेल. मला वेगळंच सुचतंय. पाचवीच्या स्कॉलरशिपचं गणित तुम्हीच का घेत नाही? पहाटे नाही. संध्याकाळी सातला, जेवणाच्या टेबलाशी, दिवा लख्ख, स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येताहेत, आजी टीव्ही बघतेय. अर्धा तास, दोन उदाहरणं. काळ-काम-वेग नको, तुम्हाला आवडायचं ते सरळव्याज घ्या, किराणा दुकानाची वही घ्या. त्याला जमलं की पाठीवर एक थाप, पुरे. जमलं नाही की हसायचं, पट्टी नाही. आठ-दहा दिवसांत कधीतरी तो वहीत डोकं घालता घालता तुमच्या दंडाला टेकेल. छाती धडधडली तर पाय फरशीवर दाबा, साल आठवा, आणि उठू नका. पुढचं उदाहरण वाचा.